कारवीगडचा सुकलेला विडा

पूर्वेला तांबडं फुटलं, तरी कारवीगडाच्या माथ्यावर उजेड काही उतरेना. दरीतून चढलेल्या धुक्यानं तट, बुरूज, नगारखाना सारं गिळून टाकलं होतं, आणि त्या धुक्याच्या तळाशी, गडाच्या सगळ्या वाटा आवळून, पातशाही फौज गेले कित्येक महिने ठाण मांडून बसली होती. कोठारातलं धान्य आटत चाललं होतं, आणि त्याहून लवकर आटत होता तो माणसांचा धीर.

चांगोजी धुमाळाचा तर केव्हाच आटला होता. दहा पाइकांचा हा तरणा नाईक. पायाला जणू भिंगरी बांधलेली. वेढ्यात नुसतं बसून राहणं त्याच्या जिवावर येई. त्यात गडाचे सरनोबत सुभानजी मारणे, नात्यानं त्याचे सख्खे मामा, पण तालमीत कर्दनकाळ! रोज पहाटे खांद्यावर धोंडा देऊन नाईकांना माचीभर पळवायचे, मग एकेका गड्याला पाठुंगळी घेऊन पायऱ्या चढायला लावायचे. एवढ्यावर भागतं तरी ठीक होतं. पण त्यांचा आणखी एक दंडक होता. मोहिमेत अर्ध्या वाटेवर थांबायचं, आणि काय दिसलं, काय खटकलं, ते प्रत्येकानं सांगायचं, तेही धाकट्यापासून. नाईकानं सर्वांत शेवटी.

"नाईक आधी बोलला की बाकीचे नुसत्या माना डोलावतात," सुभानजी म्हणत. "मग खड्डा दिसला तरी कोणी सांगत नाही."

चांगोजीला वाटे, ही काय पीडा! लढाई आहे का पारावरच्या गप्पा?

त्या सकाळी सदरेवर विडा मांडला गेला. किल्लेदार दौलतराव लोडाशी बसले होते, आणि त्यांच्या उजव्या हाताला त्यांचे मेहुणे अंबरराव. वेढ्याच्या तोंडावर पाहुणे म्हणून आलेले हे गृहस्थ जिभेवर साखर ठेवूनच बोलत. चांदीच्या तबकाकडे बोट करून ते म्हणाले, "सरकार, उत्तरकड्याखाली, पाणवठ्याशी गनिमानं दारूचा साठा उतरवला आहे. राखण जुजबी. या धुक्यात दोराची शिडी सोडून दहा माणसं उतरली, तर साठ्याला बत्ती देऊन न्याहारीला परत येतील. गनिमाला चाहूल लागू नये म्हणून कड्यावरचे पहारे तेवढ्यापुरते हलवावेत. शिडी आमची माणसं राखतील. बोला, आहे कोणी मर्द?"

विडा उचलणं म्हणजे काय, हे का सांगायला हवं? काम फत्ते करायचं, नाहीतर देह ठेवायचा. उचललेला विडा कोणी तबकात परत ठेवला, असं कारवीगडानं कधी पाहिलं नव्हतं.

सुभानजींनी बोलायला तोंड उघडलं, तोवर चांगोजीनं पुढं होऊन विडा उचललाही.

"नाईक," सुभानजी शांतपणे म्हणाले, "परतीची वाट?"

"फत्ते झाली की वाट आपसूक सापडते, मामा!"

सदर हसली. अंबरराव सर्वांत मोठ्यानं हसले.

"सदरेवर मामा नाही, सरनोबत म्हणायचं," सुभानजी म्हणाले आणि खाली बसले. चांगोजीनं विडा पागोट्यात खोवला, मुजरा केला आणि निघाला. मामाचा चेहरा बघायचं त्यानं टाळलं.

शिडी उतरून ते कड्याच्या निम्म्यावरच्या टप्प्यावर आले. इथून खाली कारवीच्या दाट रानातली घसरंडीची वाट, आणि तिच्या पायथ्याशी पाणवठा. चांगोजीला थांबायचं नव्हतंच. पण वर्ष-दीड वर्षाच्या तालमीनं त्याच्या गड्यांची हाडं अशी वळवली होती, की टप्प्यावर पाय टेकताच ते आपोआप गोल करून बसले आणि सर्वांत नव्या पाइकाकडं, दुलबाकडं, बघू लागले. आता काय करता! चांगोजीही दात खात बसला.

"नाईक," दुलबा पुटपुटला, "रोज या वेळेला पाणवठ्यावर वानरं उतरतात, वरून किती कालवा ऐकू येतो त्यांचा. आज एक हूप नाही."

"मला वास आला," दुसरा म्हणाला. "तोड्यांचा. आणि पाणवठ्याकडून नव्हे, या इथून, पायाखालच्या रानातून."

तोडा म्हणजे बंदुकीला बत्ती द्यायची जळती दोरी. जुजबी राखणीचे शिपाई भल्या सकाळी रानात दडून तोडे कशाला पेटवतील? चांगोजीनं वाकून खालच्या रानाकडं पाहिलं. वाट बघतायत. आपलीच वाट बघतायत! आणि आपण येणार हे सदरेखेरीज कुणाला ठाऊक होतं?

"ते सगळं खरं," गटातला थोरला पिलाजी म्हणाला, "पण नाईक, विडा उचललाय तुम्ही. परत जाऊन तोंड कुठं दाखवायचं? लोक शेण घालतील तोंडात. घराण्याला बोल लागेल. त्यापेक्षा मेलेलं बरं."

पिलाजी त्याच्याच मनातलं बोलत होता. मरायला तो भीत नव्हता, देवाशपथ नव्हता. पण उद्या गडाच्या टाक्यावर बायका पदर तोंडाला लावून हसतील, या विचारानं त्याचा जीव कासावीस झाला. मग त्याची नजर वर धुक्यात गेलेल्या शिडीवर गेली आणि मामाचा प्रश्न कानशिलात मारल्यासारखा आठवला. परतीची वाट! आपण मेलो तर ही शिडी अशीच लोंबत राहील, वर अंबररावांच्या माणसांखेरीज पहारा नाही, आणि याच वाटेनं गनीम गडात शिरेल.

"परत फिरायचं," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "बोल माझ्या एकट्याला लागेल. चढा!"

आणि खात्री पटावी म्हणून त्यानं एक मोठा धोंडा खाली लोटला. धोंडा रानात घुसला मात्र, आणि धुकं लालेलाल होऊन बंदुकांचा असा कडकडाट उठला की कडा हादरला. एक भरकटलेली गोळी पिलाजीच्या मांडीत शिरली.

"सोडा मला, नाईक!"

"गप रे! रोज वाहिलाय तुला, आज काय जड झालास?" चांगोजीनं शेल्यानं त्याला पाठीला आवळलं आणि सगळ्यांच्या मागून तो शिडी चढू लागला. खालून गोळ्या, वर धुकं, छातीचा भाता फुटायला आलेला. धोंडे वाहून वाहून कमावलेला एकेक श्वास त्या चढणीवर त्याच्या कामी आला.

सर्वांत आधी दुलबा वर पोचला, आणि थिजलाच. अंबररावांची माणसं तटाला आणखी शिड्या बांधत होती! "दगा! दगा!" त्याच्या आरोळीसरशी तलवारी भिडल्या. मागचे गडी एकेक करून वर येत गेले, शेवटी पिलाजीला पाठीवर घेऊन चांगोजी, कर्णा फुंकला गेला, सुभानजी शिबंदी घेऊन धावले, आणि त्यांच्या पाठोपाठ शिडीला झोंबलेला गनीम दगडांच्या माऱ्याखाली दरीत गेला. त्या सकाळी कारवीगड थोडक्यात वाचला.

दुपारी सदर भरली. अंबररावांच्या पकडलेल्या माणसांनी सारं ओकून टाकलं होतं. बांधून आणलेल्या मेहुण्याकडं पाहून दौलतराव म्हणाले, "त्याच कड्यावरून कडेलोट. सुतक आमच्या घरी पाळू."

मग त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं उतरवून चांगोजीपुढं धरलं. चांगोजीनं ते घेतलं नाही. पागोट्यातला चुरगळलेला विडा काढून, भरल्या सदरेसमोर, त्यानं तो तबकात परत ठेवला.

"सरकार, साठा जळाला नाही. जे उचललं ते झालं नाही. माझ्या हातून परत आलेला विडा आहे हा."

दौलतरावांनी सुभानजींकडं पाहिलं. सुभानजी उठले. "सरकार, तबक असंच सदरेवर राहू द्यावं. विडा परत ठेवायलाही जागा लागते, हे आमच्या नाईकांना दिसू दे."

तबक राहिलं. पानं सुकून काळी पडली. त्या दिवसांत चांगोजी रोज पहाटे धोंडा घेऊन पळे, आणि मग आपल्या गड्यांबरोबर तटाला ओणवून, पाणवठ्यावरची राखण कधी ढिली पडते आणि परतीला कुठली चढण धरायची, ते न्याहाळत बसे. पिलाजी कुबडी टेकत येई आणि म्हणे, "नाईक, बघून बघून पाणी आटेल की!"

एके दिवशी, भर उन्हाच्या वेळी, चांगोजी सदरेवर आला आणि त्यानं तोच सुकलेला विडा उचलला. कारभाऱ्यांनी ताजी पानं मागवली, तर म्हणाला, "नको, हाच माझा."

"नाईक," सुभानजींनी विचारलं, "परतीची वाट?"

आता कोणी हसलं नाही. चांगोजीनं मागं वळून हात केला.

"आधी दुलबा सांगेल, सरनोबत. मी शेवटी बोलेन."

त्या संध्याकाळी पाणवठ्यावरचा साठा धडाडून उडाला. त्याच्या उजेडात उत्तरकडा चढून येणारी माणसं सुभानजी तटावरून मोजत होते, आणि सर्वांत शेवटी नाईक वर आला तेव्हा सदरेची रीत विसरून त्यांनी त्याला भाच्यासारखं पोटाशी धरलं.