न दिलेल्या भेटी

सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळी तिने आधी नखं साफ केली. दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामात बावीस वर्षं काढली, की प्लास्टर नखांच्या कडेला कायमचं बिऱ्हाड करतं. तिने ब्रशने घासघासून ते काढलं, मग तीन गाद्या उन्हात टाकल्या. ऊन कसलं, नुसता पांढरा उजेड. अंगणातलं गवत थंडीने कडक झालं होतं, चालताना पायाखाली मोडत होतं.

मैत्रिणी तिला कवळी म्हणत. ती या कामाला लागली त्या आठवड्यात ढब्बूने हे नाव ठेवलं आणि पन्नाशी आली तरी ते सुटलं नाही. ढब्बू म्हणजे बेकरीवाली. काडी टपाल खात्यात होती आणि मास्तरीण शाळेत गणित शिकवायची. मुलींच्या वसतिगृहात चौघींची खोली एक होती, तेव्हापासूनची ही मैत्री. दर हिवाळ्याच्या सुट्टीत तिघी तीन दिवस कवळीकडे येत, कारण कवळी एकटी राहायची, घर गल्लीच्या टोकाला होतं आणि बैठकीच्या खोलीत लाकडांवर चालणारी लोखंडी शेगडी होती. "शिवाय आपल्यावर ओरडायला इथे कुणी नाही," असं ढब्बू म्हणायची.

मागच्या वर्षी कवळीनेच नाही म्हणून कळवलं होतं. कामाचं निमित्त होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्यानंतरचं वर्ष तिचं तिलाच खात होतं. मे महिन्यात मास्तरणीचा नवरा गेला. कवळीने निरोप लिहिला, पुसला, परत लिहिला, आणि शेवटी उद्या जाऊनच येऊ म्हणून फोन बाजूला ठेवला. तो उद्या उजाडला नाही. ऑगस्टमध्ये काडीचं मोठं ऑपरेशन झालं. ढब्बूची आई तर वर्षभर अंथरुणावर होती, माणसं ओळखेनाशी झाली होती. ऑक्टोबरात तीही गेली. कवळी कुठेच गेली नाही. जितके दिवस जास्त लोटले, तितकं जाणं अवघड होत गेलं.

म्हणून आठवड्यापूर्वी काडीचा निरोप आला, "ठरल्याप्रमाणे गुरुवारी दुपारी पोचतो," तेव्हा तिने तो दोनदा वाचला. ठरलं कधी, हे तिला आठवेना. तिघींनी आपापसात ठरवलं असेल, असं तिने धरलं. विचारायचं तोंड तिला नव्हतं.

दुपारी त्या आल्या. काडी आणखी बारीक झाली होती, कोट तिच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. मास्तरणीचे केस सगळे पांढरे झाले होते. कवळी दारात उभी होती, माफीचं पहिलं वाक्य ओठांवर घेऊन. तेवढ्यात मास्तरणीने पुढे येऊन तिला मिठी मारली. मास्तरीण मिठी मारणाऱ्यातली नव्हती. तीस वर्षांत तिने कुणाला मिठी मारलेली कवळीने पाहिली नव्हती.

"तू होतीस म्हणून निभावलं गं," ती कानाशी म्हणाली. "फोनवर बोलता येत नाही असलं."

कवळीला वाटलं, टोमणा आहे. तिने मास्तरणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता.

आत आल्यावर, शेगडीपुढे बसून हात शेकताना, तिघींच्या बोलण्यातून बाकीचं कळलं. मास्तरणीचा नवरा गेला त्या सकाळी कवळी तिच्या घरी पोचली होती आणि पुढे अकरा दिवस राहिली होती. काडीच्या ऑपरेशननंतर ती दवाखान्यात रोज संध्याकाळी यायची, पाठ चोळून द्यायची. ढब्बूच्या आईला दर रविवारी जेवण भरवायची, म्हणजे ढब्बूला दोन तास झोप मिळायची.

"रविवार आला की मी आधी तुझी वाट बघायचे, मग देवाची," ढब्बू म्हणाली आणि तिघी हसल्या.

कवळीने चहाचे पेले भरले. त्या क्षणी तिला बोलता आलं असतं. अगं, ती मी नव्हे, एवढंच म्हणायचं होतं. पण तिघी तिच्याकडे अशा बघत होत्या, की वर्षभराचं ओझं खांद्यावरून उतरल्यासारखं तिला वाटलं. कुणी ओळखीची बाई असेल, तिघींचाही दुःखात काही गोंधळ झाला असेल, असलं काहीतरी तिने मनाशी जुळवलं. नीट जुळलं नाही. तरी ती म्हणाली, "त्यात काय एवढं."

आणि ते खपून गेलं.

संध्याकाळ बरी गेली. सूप झालं, ढब्बूने आणलेले पाव शेगडीवर गरम झाले. वसतिगृहातल्या बाईंची नक्कल काडीने केली, जशी ती नेहमी करते. फक्त मधूनमधून मास्तरीण कवळीकडे टक लावून पाहायची आणि कवळीने मान वळवली की नजर काढून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी काडी म्हणाली, "पाठ दुखतेय गं. दवाखान्यात द्यायचीस तशी चोळून दे ना."

कवळीने तेल कोमट केलं. काडी पालथी पडली. तिच्या पाठीचे मणके एकेक मोजता येत होते. कवळीचे हात कामाला पक्के होते, मेणात दात बसवताना केसभर चूक न करणारे. तिने मानेपासून खाली हळूहळू चोळायला घेतलं.  मग काडीचे खांदे आखडले.

"पुरे," ती म्हणाली. तिचा स्वर परक्या माणसाशी बोलावं तसा नम्र होता. "पुरे, बरं वाटलं."

तिने स्वेटर चढवला आणि ती स्वयंपाकघरात ढब्बूजवळ जाऊन बसली. दोघी खालच्या आवाजात काही बोलल्या. कवळी आत गेली तशा थांबल्या.

दुपारी ढब्बूने फोनमधले फोटो उघडून दाखवले. आईच्या शेवटच्या वाढदिवसाचे होते. म्हातारी उशांना टेकून बसली होती, हनुवटीखाली रुमाल खोचलेला. शेजारी, हातात चमचा धरून, कवळी बसली होती.

कवळीने फोन हातात घेतला. निळा स्वेटर तिचाच होता, कानामागे बट खोचायची तऱ्हा तिचीच होती. फोटोतली बाई तोंड उघडून हसत होती, आणि कवळीची नजर सवयीने दातांवर गेली. तिने बोटांनी फोटो मोठा केला.

तिचा वरचा डावीकडचा सुळा एकोणतिसाव्या वर्षी काढावा लागला होता. त्या जागी बसवलेला दात तिने स्वतः बनवला होता, आणि तो छटाभर जास्त पांढरा झाला होता. नवी म्हणून तेव्हा ती रंगात चुकली होती. गेली एकवीस वर्षं रोज सकाळी आरशात तिला ती चूक दिसत असे. फोटोतल्या बाईचा सुळा किंचित पिवळसर होता, किंचित बाहेर आलेला, आणि त्याच्या टोकाचा बारीक टवका उडालेला होता. कवळीच्या काढलेल्या सुळ्याचाही टवका असाच, लहानपणी पायरीवर पडून उडालेला होता. असा दात बनवता येत नाही. हा उगवलेलाच असावा लागतो.

"आई तेव्हा एक बोलायची," ढब्बू फोनकडे बघत म्हणाली. "माणसं ओळखत नव्हती ना. म्हणायची, ही ती नव्हे. पण हिचे हात गरम आहेत, येऊ दे हिला."

कुणी हसलं नाही.

चार वाजता बाहेरचा उजेड मंदावायला लागला. चौघी टेबलाभोवती होत्या, चहा निवत होता. कवळीने पेला खाली ठेवला. तिने दोन्ही तळवे टेबलावर दाबले.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "मी आले नव्हते. तुमच्यापैकी कुणाकडेच नाही. मास्तरणी, मी तुला साधा निरोपसुद्धा पाठवला नाही. लिहून पुसला. काल गप्प बसले, चुकलंच. पण ती मी नव्हते."

ती थांबली. आता प्रश्न येतील, राग येईल, निदान कुणी दचकेल असं तिला वाटलं होतं. ढब्बू टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली. काडीने मास्तरणीकडे पाहिलं.

"आम्हाला माहीत आहे," मास्तरीण म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"ती तू नाहीस ते. मला तर पहिल्या दोन दिवसांतच कळलं होतं." वर्गात पायरी पायरीने गणित सोडवून दाखवावं, तशी ती शांतपणे बोलत होती. "हे गेले त्या सकाळी मी दार उघडलं, तर ती पायरीवर बसलेली. मे महिना असून थंडीने काकडलेली. मी काहीच विचारलं नाही. कोण विचारतं गं अशा वेळी? तिने आत येऊन पाणी तापत ठेवलं. नंतर लक्षात येत गेलं, ही झोपत नाही. आणि आपलं वसतिगृहातलं काही काढलं, की नुसती हसते. पण मला एकटीला त्या घरात राहवलं नसतं."

"आणि तुम्ही तिघी हे बोललात? एकमेकींशी?"

"नंतर बोललो," काडी म्हणाली. "आमचं ठरलं, तिला काही विचारायचं नाही. विचारलं आणि ती यायची थांबली तर?"

कवळी मास्तरणीकडे वळली. "मग काल मला मिठी कशाला मारलीस?"

मास्तरणीने पहिल्यांदा नजर खाली घातली. "काल दारात वाटलं, तीच आहे. अंगाला अंग लागलं तेव्हा शंका आली. आज पाठ चोळलीस तेव्हा काडीला कळलं."

शेगडीतलं एक लाकूड ढासळलं, ठिणग्या उडाल्या. कवळीला एक गोष्ट विचारायची नव्हती. तरी ती विचारून बसली.

"यंदा इथे यायचं कुणी ठरवलं?"

"तिनेच," ढब्बू म्हणाली. ती दाराकडे बघत होती. "आईला पोचवून आलो त्या दिवशी. म्हणाली, सुट्टीत तिघी या. मी घरीच असेन."

 भांडण झालं असतं तर बरं, असं कवळीला वाटलं. भांडणानंतर समेट होतो. इथे तिघी तिच्याशी अदबीने वागत होत्या. काडीने तिच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. मास्तरणीने विचारलं, तुला थंडी वाजतेय का. प्रवासात शेजारी बसलेल्या बाईला विचारावं, तसं.

"लाकडं संपत आली," कवळी म्हणाली. "घेऊन येते."

कोणी उठलं नाही.

परसातल्या पडवीत लाकडं रचलेली होती. धुकं उतरलं होतं, श्वासाची वाफ त्यात मिसळत होती. ती उगाच एकेक ओंडका चाचपत राहिली. आत जाऊन काय बोलायचं, याची जुळवाजुळव चालली होती. उद्यापासून मी येईन, असं म्हणायचं. दर रविवारी येईन. मास्तरणीकडे जाऊन राहीन. हातांचं काय, हात शिकतात, आपले हात तर नक्कीच शिकतात. एवढं ठरल्यावर तिला जरा धीर आला. तिने पाच ओंडके छातीशी धरले आणि ती निघाली.

बैठकीच्या खोलीच्या खिडकीतून पिवळा उजेड अंगणात पडला होता. आतून हसण्याचा आवाज आला.

ती थबकली. दोन दिवसांत त्या अशा हसल्या नव्हत्या.

खिडकीजवळ जाऊन तिने आत पाहिलं. शेगडी भडकलेली होती, कुणीतरी भरपूर लाकडं घातल्यासारखी. काडी खुर्चीत पुढे वाकून बसली होती, डोळे मिटून. तिच्या मागे उभी राहून कुणीतरी तिची पाठ चोळत होतं. निळा स्वेटर. कानामागे खोचलेली बट. ढब्बू तिच्याकडे बघत काही सांगत होती, गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि हसतही होती.

कवळीने हाक मारायला तोंड उघडलं.  ओंडक्यांची साल बोटांत रुतत होती.

मास्तरणीने मान वर केली.

तिला कवळी दिसली. स्पष्ट दिसली, यात शंका नाही. खिडकीचा उजेड कवळीच्या तोंडावर पडला होता. मास्तरीण क्षणभर तशीच बघत राहिली. मग पाठमोऱ्या बाईला कळू नये अशा बेताने हळूच उठली आणि खिडकीपाशी आली. काचेपलीकडे तिचा चेहरा हातभर अंतरावर होता. त्यावर राग नव्हता. काकुळती होती.

तिने ओठांवर बोट ठेवलं.

आणि मग, कड्यांचा आवाज होऊ न देता, पडदा ओढून घेतला.