मंगळवारी हरवणारा माणूस

"बाईसाहेब, एक विनंती होती... मला तुमच्या प्रेमात पडायची परवानगी द्याल?"

मी वळून पाहिलं. खांबाशी उभा असलेला माणूस नाक पुसत होता. तिशी उलटलेला, डोळे लाल, काळ्या कोटाला कोपरावर रफू. सकाळपासून उभी राहून माझे पाय सुजले होते, लाजायचंही त्राण नव्हतं.

"का बरं?"

"खरं सांगू? टोपीसाठी."

मी हसले. कितीतरी महिन्यांनी...

माद्रिदच्या दरबारात राजासमोर टोपी घालून उभं राहायचा मान फक्त बड्या सरदारांना. बाकीच्यांनी ऐन जानेवारीत बोडक्या डोक्याने कुडकुडायचं. पण राणीच्या आम्हा सख्यांपैकी एखादीवर ज्याचा जीव जडलाय, त्याला सूट. तिच्याकडे बघताना तो इतका हरवतो म्हणे, की डोक्यावर टोपी आहे हेच त्याला कळत नाही! राजाही काणाडोळा करतो. अशा माणसाला इथे 'हरवलेला' म्हणतात. मंगळवारी आणि शुक्रवारी, आम्हा सख्यांवर देखरेख करणाऱ्या थोरल्या बाईसाहेबांच्या पहाऱ्यात, चार पावलांवरून त्याने तासभर हरवायचं. निम्म्यांना घरी बायका असतात. त्यांचं बोलणं कुणीच खरं मानत नाही.

"माझ्यावरच का?"

"बाकीच्यांसमोर गर्दी आहे."

"म्हणजे मी उरलेली!"

"मीही उरलेलाच की." आणि ते सटकन शिंकले. बेल्त्रान त्यांचं नाव. घराणं जुनं, खिसा फाटका, लग्न झालेलं नाही.

"हरवा मग," मी म्हटलं. "तीनच महिने आहेत."

कारण वसंतात मी घरी जाणार होते. आठ वर्षांपूर्वी राणीसाहेबांच्या लग्नात त्यांच्याबरोबर व्हिएन्नाहून आले, तेव्हापासून रोज मनात एकच... कधी सुटेन? आता व्हिएन्नाच्या दरबाराचे इथले वकील परत जाणार होते आणि त्यांच्याबरोबर एका सखीला सोडायचं राणीसाहेबांनी कबूल केलं होतं. ते नाव माझं होतं, ओटिलियाचं. पेटी मी भरूनही ठेवली होती.

मंगळवार आला. बेल्त्रान टोपी घालून माझ्यासमोर उभे राहिले.

"तुमचे डोळे म्हणजे..."

"म्हणजे?"

"पुढचं पाठ केलेलं विसरलो." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "थकलेले दिसतात हो. झोप नाही झाली?"

आठ वर्षांत मला हे कुणीही विचारलं नव्हतं. मी पंखा तोंडासमोर धरला. डोळे भरून आले होते आणि थोरल्या बाईसाहेब बघत होत्या.

मग ते मला गावाकडचं सांगू लागले. खेचर पावसात घराबाहेर पडत नाही, मावशी जेवतानाही बोलायची थांबत नाही. मी त्यांना आमच्या बर्फाचं सांगायची. शेजारी उभ्या असलेल्या मेन्सिया या दुसऱ्या सखीचा हरवलेला तिला चंद्र-तारे वाहत असायचा.

"तुझा काय गं, खेचरावर बोलतो?" मेन्सिया चिडवायची.

"हो. आणि खेचर छान आहे," मी म्हणायची.

सोमवारी मला उगाच आनंद व्हायला लागला. तेव्हाच मी घाबरायला हवं होतं. पण तेवढीसुद्धा ताकद उरली नव्हती.

शेवटचा शुक्रवार उजाडला. रविवारी वकिलांच्या गाड्या निघणार होत्या. राजा-राणी भरल्या दरबारात बसलेले. बेल्त्रान आले, माझ्याकडे पाहिलं, आणि—सगळ्यांदेखत टोपी काढली.

दरबारात खसखस पिकली. हरवलेल्याने टोपी काढली म्हणजे त्याचं प्रेम संपलं! "शेवटी तुला सोडलंच गं," मेन्सिया कुजबुजली. माझे कान तापले. जाता जाता माझी शोभा करायची काय गरज होती?

ते सरळ राणीसाहेबांसमोर गेले आणि गुडघ्यावर बसले.

"महाराणी, हरवलेल्या माणसाचं बोलणं कुणी खरं धरत नाही. म्हणून शुद्धीवर येऊन मागतोय. मला ओटिलियाबाईंशी लग्न करायचंय. त्या घरी जाणार आहेत हे ठाऊक आहे... तरी विचारल्याशिवाय जाऊ देववत नाही."

कुणी हसलं नाही. राणीसाहेब माझ्याकडे वळल्या आणि कित्येक वर्षांनी आमच्या भाषेत बोलल्या. "ओटिलिया, गाडीत तुझी जागा आहे. मी शब्द दिलाय. जायचंय ना तुला?"

त्यांना स्वतःला कधीच जाता येणार नव्हतं.

"जायचंय, महाराणी. अजूनही जायचंय. घरची आठवण आली नाही असा एक दिवस गेला नाही." मी बेल्त्रानकडे पाहिलं. ते मान खाली घालून बसले होते, आमची भाषा न समजता. "पण तिकडे गेले तर यांची येईल. एक आठवण मी आठ वर्षं सांभाळली. दुसरी सांभाळायचं बळ माझ्यात नाही."

राणीसाहेबांनी डोळे टिपले आणि होकारार्थी मान हलवली.

बेल्त्रान गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "काय ठरलं? जाताय?"

मी ती चार पावलं चालून गेले आणि त्यांचा हात धरला. तो थंडगार होता, आणि माझाही.