हाकेआधी बुजवलेली खांड

जागृतीच्या नोंदींत पहिली दुरुस्ती झाली ती चिंबोऱ्यांच्या कालवणात.

फाल्गुनातली दुपार. कोनखार गावाला खाडीचा वारा असतो म्हणतात, पण त्या दिवशी पानही हलत नव्हतं. घरामागे जिताडा माशांचं तळं, तळ्यापलीकडे खारं पाणी शिरून मेलेली भातशेती, मग बांध, आणि बांधापलीकडे खाडीतली तिवरांची झाडी. जागृती काम करायची ते पोयनाडचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान रविवारी बंद, म्हणून ती घरीच जेवत होती. ताटाशेजारी ठेवलेला फोन वाजला.

तिच्या नोंदींत बदल झाला होता. 'चिंच कोळून घालावी' ही तिची ओळ पुसून तिथे लिहिलं होतं: 'चिंच नको. कोकम घाल.'

बदल ज्या फोनवरून आला होता त्याचं नाव खाली होतं. अल्पेशचा फोन.

तिने ताट बाजूला सारलं.

ह्या नोंदी म्हणजे गावाबद्दल कुणीच कधी लिहून ठेवलं नाही ते सगळं: शेतांची नावं, उधाणांच्या खुणा, आयेची, म्हणजे आईची, कालवणं. शिकलेल्यांना वेळ नव्हता आणि बाकीच्यांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून जागृतीने लिहायला घेतलं. त्या जपायची सोय तिच्या भावाने करून दिली. अल्पेश बेलापूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. नोंदी लॅपटॉपवर, दोघांच्या फोनवर, आणि एक प्रत वर इंटरनेटवर, रेपोत, म्हणजे दोघांच्या सामायिक साठ्यात. कुणी काय बदललं, आधी काय होतं, सगळं तिथे राहायचं.

"आधी वरचं खाली ओढून घ्यायचं, मग आपलं वर ढकलायचं," दादूसने, म्हणजे अल्पेशने, शिकवलं होतं. "जोर लावून ढकललंस तर समोरच्याचं लिहिलेलं सगळं जातं. आपल्या खांडीसारखंच हाय ते, बाय. हाक मारल्याबिगर बुजवायचं न्हाय."

बांध फुटून भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. माणसं खांडीत उतरतात, चिखल लावत जातात. शेवटचा चिखल पडायच्या आधी वर उभा असलेला म्हातारा उतरलेल्या एकेकाला नावाने हाक मारतो. प्रत्येकाची 'ओ' आली की मगच खांड मिटते. ही कोनखारची रीत होती.

गेल्या भादव्यात खांड पडली तेव्हा ठेकेदाराने पोकलेन पाठवला. कागदावर तो बांध आधीच पक्का झालेला होता, त्यामुळे सगळ्यांना भलतीच घाई. मशीनवाला परका. त्याला हाका कोण सांगणार? हाका मारायचा मान असलेल्या म्हाताऱ्या हिरामणबाबांनी तोंड उघडलं, पण मशीनच्या धडधडीत त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही. बाकीचं गाव मोबाइल वर धरून शूटिंग करत होतं. अल्पेश खांडीत उतरला होता आणि त्याचा फोन त्याच्या खिशात होता. ना तो सापडला, ना फोन. पाण्याने ओढून नेला, असं पंचनाम्यात आलं. जागृतीनेही नोंदीत तेच लिहिलं.

तिने बेलापूरला कुलदीपला फोन लावला. अल्पेशचा मित्र, त्याच्याच शेजारच्या टेबलावरचा.

"त्याचा फोन रेपोतून मीच काढलाय गं," कुलदीप म्हणाला. "कुणाकडे तरी पासवर्ड असेल. बदल. आणि खरं सांगू? कोकमच बरं लागतं."



तिने पासवर्ड बदलला. आणि मग करू नये ते केलं. ती ओळ आयेला वाचून दाखवली.

आये, म्हणजे कमळ, भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "लहानपनापास्नं त्याला चिंच चालंना," ती म्हणाली. तिने उठून दादूसचा निळा शर्ट धुऊन दोरीवर टाकला, आणि मग रोजच टाकू लागली. त्या दिवशी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

पुढच्या अवसेच्या उधाणाला दुसरा बदल आला. पासवर्ड बदलून काही उपयोग झाला नव्हता. शेतांच्या नोंदीत, जिथे जागृतीने बांधाजवळच्या तिवरांबद्दल लिहिलं होतं, तिथे आता होतं: 'तिवरांची मुळं खालून दिसतात.'

जागृतीने ते दोनदा वाचलं. नुसतं 'दिसतात' असतं तर चाललं असतं.

"काय लिवलान?" आये दारातून म्हणाली.

"काय न्हाय आये. दुकानाचं हाय."

"मना वाच."

तिने वाचलं. त्या दिवसापासून आये भरतीच्या वेळेला बांधावर जाऊन बसू लागली. बुजवलेल्या खांडीवर आडवी होऊन चिखलाला कान लावायची. पोरं हसायची. मग हसेनाशी झाली.

त्यानंतरच्या उधाणाला खांड बुजवली त्या दिवसाचीच नोंद बदलली. 'पाण्याने ओढून नेला' ही ओळ गेली होती.

'पाणी नव्हतं. वरून चिखल आला. हाक आली नाही.'

आणि खाली: 'आयेचा आवाज येतो.'

ही ओळ जागृतीने वाचून दाखवली नाही. तिने फोन पालथा ठेवून मान वर केली तर चूल तशीच जळत होती आणि आये घरात नव्हती. कोपऱ्यातलं फावडंही नव्हतं.

बांधावर हिरामणबाबा आधीच पोचले होते. आये खांडीच्या जागी खणत होती. कोपरापर्यंत चिखल, आणि खणल्या खड्ड्यात खालून पाणी झिरपत होतं.

"आये, ऊठ."

"तो हितंच हाय. मना सोड."

दोघांनी मिळून तिला ओढून आणली.  ओसरीवर बसल्यावर आये म्हणाली, "उंद्या परत जाईन."

हिरामणबाबा खाली बघत उभे होते. "बाय, तुझ्या आयेनं बांध फोडला तर आधी ती जाईल, मागनं गाव."

"मग तुमी हाक मारा. तेव्हा राहिली ती आता मारा."

"हाक बुजवायच्या आधी मारतात." म्हाताऱ्याने ओठ पुसले. "आता त्यानं ओ दिली तर? बाहेर काय काढायचं आपण?"

दुसऱ्या दिवशी दुपारी भरती चढू लागली तशी आयेने फावडं उचललं. जागृतीने दाराला कडी घातली. आये मागच्या बाजूने, तळ्याच्या काठाने गेली.

त्याच्या ओळीच गेल्या तर आये थांबेल, म्हणून जागृतीने लॅपटॉप काढला. त्यावर जुनी प्रत होती, चिंचेवाली. कुलदीपला फोन केला.

"फोर्स पुश मार, जोर लावून ढकल," तो म्हणाला. "वरचं सगळं जाईल, तुझं तेवढं राहील. त्याने लिहिलेलं काही राहणार नाही मात्र. विचार कर."

मागच्या खिडकीतून बांध दिसत होता. आये कमरेपर्यंत खड्ड्यात होती. तिच्या पाठीमागे खाडी तिच्या खांद्याला आली होती.

फोन वाजला. नवा बदल.

'बाय, आधी ओढून घे.'

ओढून घेतलं तर त्याचं सगळं खाली येणार होतं. न वाचलेलंही.

आये आणखी खाली गेली. आता नुसतं डोकं दिसत होतं.

जागृतीने जोर लावून ढकललं.

स्क्रीनवरची पट्टी भरत गेली. झालं.

खिडकीतून तिला दिसलं, आये खड्ड्यातून वर चढली, उभी राहिली आणि हातातल्या फावड्याकडे बघत राहिली. मग हळूहळू घराकडे आली.

"मी कशापाई गेलती गो तिकडं?" नळाखाली हात धुताना तिने विचारलं.

जागृती सांगायला गेली. तिला आठवेना. "चिंबोऱ्या काढाया गेली असशील."

लॅपटॉप उघडा होता. तिने तो मिटला. दोरीवर एक निळा शर्ट वाळत होता, पुरुषाचा. घरात पुरुष माणूस नव्हता. वाऱ्याने कुठून तरी उडून आला असेल म्हणून तिने तो कुंपणावर टाकला.

फोन आला. कुणी कुलदीप, बेलापूरचा.

"मघाशी तुमचा कॉल आलेला," तो चाचरत म्हणाला. "तुमचा नंबर सेव्ह आहे माझ्याकडे. पण आपली ओळख कुठली?"

तिने आठवून पाहिलं. "काय माहीत. फॉर्मचं काही असेल."

"असेल," तो म्हणाला. तरीही थोडा वेळ दोघांनी फोन ठेवला नाही.

आयेने ताटं मांडली. कालवणाचा वास घरभर होता, कोकमाचा. मग तिने मागच्या दाराची कडी काढली आणि बांधाकडे तोंड करून, रोजच्या सवयीने मारावी तशी हाक मारली:

"जेवाला ये रं."

"कोनाला बोलावतंस, आये?"

आये दारातच घोटाळली. "कोन जाने. तोंडात आला."

फोन वाजला. जागृतीने बघितलं. नाव नसलेल्या कुठल्या तरी फोनवरून तिच्या नोंदींत एक शब्द आला होता.

'ओ.'

तिने मान वर केली. दार तसंच उघडं ठेवून आये तिसऱ्या ताटात भात वाढत होती.