वाऱ्याचा माइक

वारजाईच्या पठारावर उत्सवाचा पहिला मान वाऱ्याचा असे. देवळासमोर मंडप उभा राहिला की कड्याच्या टोकाशी एक माइक ठेवायचा, त्याचं तोंड दरीकडे फिरवायचं आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो चालूच ठेवायचा. वाऱ्याला बोलावंसं वाटलं तर त्यानं खुशाल बोलावं, गाणारे-वाजवणारे त्याच्यानंतर. पठारावर कापडी पंखांच्या पवनचक्क्या आल्या, दूरच्या ग्रहांवरचे पाहुणे चार दिवस राहायला येऊ लागले, तरी हा रिवाज कुणी मोडला नव्हता.

आणि दर उत्सवात एक सबवूफर फाटत होता.

सबवूफर (फक्त खालचे, घुमणारे आवाज काढणारा मोठा स्पीकर) म्हणजे ओवीच्या आईच्या जिवाचा तुकडा. गावाची साउंड सिस्टीम तीच सांभाळायची. तिनं वायरी बदलल्या, ढोलाचा आवाज कमी ठेवून पाहिला, पण काही उपयोग झाला नाही. आणि नवल असं, की वूफरचा पडदा फाटायचा तो ढोल वाजण्याच्या आधीच, मंडप चिडीचूप असताना! आता शेवटचा एकच वूफर उरला होता.

तो गेला असता तर ओवीला रडूच कोसळलं असतं. तिच्या धाकट्या भावाला, शर्विलला, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पण लेझीम खेळावी तर त्यानंच. मंचाच्या फळ्यांखाली वूफर ठेवलेला असे, आणि ढोलाचा ठोका शर्विलला अनवाणी तळपायांतून कळायचा. यंदा पहिल्यांदाच तो लेझमीच्या रांगेत सगळ्यांत पुढे उभा राहणार होता. वूफर गेला की त्याचा ठोका गेला.

दुपार कलली होती. गवत सोनेरी झालं होतं आणि पवनचक्क्या पेंगल्यासारख्या हळूहळू फिरत होत्या. आईनं वाऱ्याचा माइक नुकताच सुरू केला होता. देवळाचे पुजारी गुरवआबा कानामागे हात धरून उभे होते.

"काय ऐकू यीना गं पोरी," ते म्हणाले. "वाऱ्याचा मान हाय, जरा वाढीव की!"

आईनं आवाज वाढवला. तरी कर्ण्यांतून बारीक सूं सूं तेवढी आली.

तेवढ्यात फळ्यांखालून शर्विल धावत बाहेर आला. ओवीचा हात धरून त्यानं तिला आत नेलं आणि तिचा तळवा वूफरवर ठेवला. ओवी दचकली. पडदा आत-बाहेर, आत-बाहेर होत होता, भलताच लांब, आणि आवाज मात्र शून्य. शर्विलनं छातीवर हात ठेवून खूण केली, की याला दम लागलाय.

"तो बरोबर सांगतोय," मागून एक संथ आवाज आला. "ही स्पीकरची पेटी कण्हते आहे."

तो मंद्र होता, ओवीच्या घरी उतरलेला पाहुणा. त्याचं खरं नाव उच्चारायला अर्धा तास लागतो म्हणून मुलांनीच त्याला हे नाव दिलं होतं. त्याच्या ग्रहावर सगळंच सावकाश चाले. त्याचे कान अळूच्या पानांएवढे होते आणि ते आत्ता थरथरत होते.

"आई, माइक बंद कर!" ओवी ओरडली. आईनं झटकन बटण दाबलं. पडदा थांबला.

"पण आवाज तर नव्हताच," ओवी म्हणाली. "मग तो हलत कशानं होता?"

मंद्र फळीवर टेकला. "आवाज म्हणजे हवेची थरथर. ती एका सेकंदात किती वेळा होते, तिला म्हणायचं कंप्रता (थरथरीची गती). तुमचा ढोल सेकंदाला साठ-सत्तर वेळा थरथरतो. वीसच्या खाली थरथर गेली, की तुमच्या कानांना ती कळत नाही. वारा माइकवर आदळतो तेव्हा चार-पाचचीच थरथर फार असते. मला ती ऐकू येते. तुम्हाला येत नाही, म्हणून तुम्ही आवाज वाढवता."

"आणि माइक ती बिचाऱ्या पेटीकडे पाठवत राहतो!" ओवी म्हणाली. "पण ऐकू न येणारा आवाज पडदा कसा फाडेल?"

"पेटीला हे भोक बघ. ढोल वाजतो तेव्हा भोकातली हवा पेटीतल्या हवेशी मिळून पडद्याला आवरून धरते. थोडं हलूनही मोठा आवाज निघतो. पण थरथर फार संथ झाली, की हवा भोकातून नुसती ये-जा करते. पडद्याला टेकू उरत नाही. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकलंस तर?"

"तोल जातो. दणकन आपटते मी."

"पडद्याचं तेच होतं. जायला नको तितका तो लांब जातो, आणि एक दिवस फाटतो."

आई मिक्सरकडे (सगळ्या माइकांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राकडे) वळली. मिक्सरवर एक लहानसं बटण होतं, हायपास फिल्टर (संथ थरथर अडवून वरच्या सुरांना सोडणारी चाळणी). बाकीच्या माइकांना ते ती नेहमी लावायची. वाऱ्याच्या माइकला मात्र कधीच लावलं नव्हतं. वारा चाळायचा नाही, असं गावानं ठरवलेलं होतं.

"आबा," ती म्हणाली, "हे बटण दाबावं लागंल."

गुरवआबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "म्हंजी वाऱ्याचा आवाज कापायचा? मान देतो म्हनायचं आन् तोंड दाबायचं?"

ओवीनं शर्विलकडे पाहिलं. काय चाललंय ते त्याला पुरतं कळलं नव्हतं, पण हातातली लेझीम त्यानं घट्ट धरली होती. ओवी आबांजवळ गेली.

"आबा," ती हळूच म्हणाली, "तो खालचा आवाज पेटीतून बाहेर येतच नाही. पेटी नुसती तडफडते. वाऱ्याचं गाणं बाहेर कड्यावर चालूच आहे की. ते कोण कापणार?"

"आणि तिथं ते ऐकायला या वेळी मी आहे," मंद्र म्हणाला. "मी कड्यावर बसेन. शेवटपर्यंत."

आबांनी त्याच्या अळूच्या पानांएवढ्या कानांकडे बराच वेळ पाहिलं. मग ते हसले. "लई वर्सांनी वाऱ्याला ऐकनारं मानूस घावलं म्हनायचं! दाब बटण."

आईनं बटण दाबून माइक पुन्हा सुरू केला. सूं सूं तशीच आली, उलट जास्त स्वच्छ. शर्विलनं वूफरवर तळवा ठेवला आणि मान डोलावली. पेटी शांत होती. मग आईनं ढोलासाठी लिमिटरही (ठरल्यापेक्षा मोठा आवाज पुढे न सोडणारं कुंपण) तपासला, कारण ताकदीबाहेर जोर लावला तर वूफरच्या आतली तारेची गुंडाळी तापून जळते.

सूर्य टेकता टेकता ढोल घुमला. फळ्या थरारल्या, आणि शर्विलची लेझीम अशी काही उसळली की मागची सगळी रांग तिच्यामागे ओढली गेली. एकही ठोका चुकला नाही. ओवीला आनंदानं काही दिसेनासं झालं.

खेळ संपल्यावर दोघं भावंडं कड्याकडे धावली. मंद्र डोळे मिटून दरीकडे तोंड करून बसला होता. शर्विलनं खुणेनं विचारलं, वारा काय म्हणतोय?

मंद्रनं त्याचा हात घेऊन आपल्या रुंद छातीवर ठेवला आणि ऐकलेलं गाणं तो गुणगुणू लागला. ओवीला काहीच ऐकू आलं नाही. शर्विलचे डोळे मात्र मोठे मोठे होत गेले. दुसऱ्या हातानं तो हवेत संथ लाटा काढू लागला, आणि ओवी बघतच राहिली. आज पहिल्यांदा तिला ऐकू न येणारं काहीतरी त्याला कळत होतं.

"मला पण सांग ना," तिनं खूण केली.

शर्विलनं जरा सरकून तिला जागा दिली आणि तिचा तळवा मंद्रच्या छातीवर, आपल्या हाताशेजारी ठेवला. मोठेपणी घराएवढी एक पेटी बांधायची, जिला हा आवाज सोसेल, असं ओवीनं तिथंच मनाशी ठरवलं. मग तीही डोळे मिटून वाऱ्याची वाट पाहू लागली.