हिरड्याची शाई

भर बाजारात वडिलांची शाईची झरणी रंगूच्या हातात ओकली आणि तिची पाचही बोटं निळी झाली. शेजारच्या टपरीत कुणीतरी हसलं.

"हसायला काय झालं?"

"झरणीचं पोट फुटलं, बाई. आतली रबराची नळी कुजली. द्या इकडं."

हा सूर्यमाळचा जिवा. मुंबईत एका कारागिराच्या हाताखाली झरण्या दुरुस्त करायला शिकून जव्हारला आलेला. संस्थानात झरणीनं लिहिणारे असे कितीसे? त्यामुळे गिऱ्हाइकं बेताचीच. पण साहेबलोकांनी टाकलेल्या जुन्या झरण्या तो जमवायचा, एकेक लिहिती करायचा आणि डब्यात जपून ठेवायचा. विकायचा मात्र नाही.

"मग जमवतोस कशाला?"

"त्यांना दुसरं कोण नाय म्हणून," तो म्हणाला. पण बघत होता तिच्याकडे... रंगूचे कान तापले.

त्यानंतर रंगूच्या वडिलांची, देवराम कारकुनांची झरणी दर आठवड्याला बिघडू लागली. बिघडवत कोण होतं, हे जिवाला पहिल्याच खेपेला कळलं होतं. तरी दोघं वर्षभर बोलली ती झरणीबद्दलच!

माघात रंगूला त्र्यंबक गावचं स्थळ आलं.

"रविवारी होकार द्यायचाय," रंगू म्हणाली. "तुला काही सांगायचं असेल तर... तोंडानं जमत नसेल तर लिहून दे."

शनिवारी त्यानं झरणी कागदात गुंडाळून दिली. दिवेलागणीला तिनं तो कागद उलगडला, उलटसुलट पाहिला. कोरा! भित्रा मेला, ती पुटपुटली. झरणी तशीच कागदात गुंडाळून पेटीच्या तळाशी टाकली, वडिलांना ती हरवली म्हणून सांगितलं आणि रविवारी रागारागानं हो म्हणून मोकळी झाली.

आषाढात, सासरी, पेटी आवरताना तो कागद पुन्हा हाती आला. त्यावर काळीभोर अक्षरं होती : 'घरच्यांना घेऊन येऊ का? तुम्ही म्हणाल तर.'

दिवाळीला माहेरी आल्यावर तिनं तो कागद झरणीसकट जिवापुढं ठेवला.

"कोरा होता रे तेव्हा."

"कोरा कसा?" जिवाचे हात थांबले. "निळी सरली होती, म्हणून हिरड्याच्या शाईनं लिवलं. ती आधी पाण्यावाणी उमटते, दोन दिसांनी काळी होते. आमच्या पाड्यावर पोरंसोरं हिरडे वेचतात, त्यांना पण ठावं हाय."

"आमच्या घरी मुंबईच्या शाईची बाटली येते. मला कुणी सांगायचं?"

त्यानं कागदाची घडी बोटानं सरळ केली. "मला वाटलं, वाचून गप राहिलात."

बाहेर नवऱ्यानं दमणीला बैल जुंपले होते.

"ये म्हटलं असतं मी," रंगू म्हणाली. "त्याच रात्री म्हटलं असतं."

झरणी तिनं उचलली. कागद तिथंच ठेवला. सासरी तो जन्मभर लपवायला जागा नव्हती.