पंचावन्न मिनिटांचे अंतर

मेलबर्नच्या उसळयान-केंद्रात पडद्यावरचा हिरवा ठिपका हिंदी महासागर ओलांडत होता. नागपूरहून निघालेले ते पहिले प्रवासी-यान. ज्याच्या गणितावर ते उडत होते, तो हेमंत बोरकुटे त्या ठिपक्याकडे बघत बसला होता.

"सर, इतक्या लवकर कसे पोचलो, असं प्रवासी विचारतील. काय सांगू?" प्रवाशांच्या स्वागताला निघालेल्या यशोधरा मुळेने विचारले.

"चपटा दगड तिरका फेकला की पाण्यावर टप्पे घेत जातो ना? यान तसंच दाट हवेच्या माथ्यावर आपटून पुन्हा वर उसळतं. वर हवा विरळ, मग अडवणार कोण? अंतर तेवढंच राहतं, वेळ तेवढा आटतो. पंचावन्न मिनिटं."

"म्हणजे लांब आहे म्हणून येता आलं नाही, असं आता कुणी म्हणायला नको!" ती हसत गेली.

हेमंतला ते झोंबले. आई गेल्यावर ज्या मंदाताईने त्याला वाढवले, तिला तो वर्षानुवर्षे हेच सांगत आला होता. आज सकाळीच तिचा फोन येऊन गेला होता.

"उद्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे रे. नजर राहील की जाईल, डॉक्टरांनाही सांगवत नाही."

जायचे म्हणजे तिच्या उशाशी बसायचे, तिची भीती बघायची. अंतराची सबब तर त्यानेच मोडीत काढली होती. त्याने नवी शोधली.

"ताई, मी वाळवंटात निघालोय, चाचणीला. आठवडाभर फोनही लागणार नाही."

"बरं बाबा. जपून जा," ती एवढेच म्हणाली होती.

यान उतरले. थोड्या वेळाने दार उघडले. यशोधराने एका वृद्ध बाईंचा हात धरला होता.

"सर, तुमच्या ताई! नुसती तुमची खुर्ची बघायची म्हणतात. मी म्हटलं, सर आतच आहेत."

हेमंत उभा राहिला. त्याला नागपूर पंचावन्न मिनिटांवर आले होते, तसे तिला मेलबर्नही. हे साधे गणित त्याने कधी मांडलेच नव्हते.

"ताई, तू... मी इथे नसेन म्हणालो होतो ना?"

"जायचं-यायचं आजचंच तिकीट आधीच काढलं होतं. तुला चकित करायचं होतं. तू नाहीस कळलं, पण म्हटलं, दिसतंय तोवर तू बसतोस ती जागा तरी बघून घ्यावी." धूसर डोळे बारीक करून ती त्याच्याकडे बघत राहिली. मग घाईने म्हणाली, "चाचणी पुढे ढकलली असेल. हो ना रे?"

नुसते 'हो' म्हटले असते तरी भागले असते. तिने सबबसुद्धा त्याच्यासाठी तयार करून दिली होती.

"नाही, ताई. चाचणी नव्हतीच."

यशोधरा हळूच बाहेर गेली. मंदाताईने मान खाली घातली. जणू खोटे तिचेच पकडले गेले होते.