एकतीस दिवसांचा शिक्का

नेइयाफूच्या बंदरात शिडाच्या बोटीने आलेल्या पाहुण्याला एकतीस दिवस राहता येतं. पुढे राहायचं तर दर महिन्याला कचेरीत स्वतः हजर व्हावं लागतं. कचेरीतली अधिकारी लोसालिने गेली चौदा वर्षं हेच सांगत आली होती. बहुतेक पाहुणे दोन-चार दिवस उशिराने का होईना, ओशाळं हसत येऊन जात.

वीप्के आणि तिचा म्हातारा नवरा मात्र फिरकले नाहीत. नऊ जूनला लोसालिनेनेच बोटीवर जाऊन त्यांच्या पासपोर्टांवर शिक्के मारले होते. आता ऑक्टोबर अर्धा सरला होता. वादळांचे दिवस तोंडावर आले, बाकीच्या बोटी निघून गेल्या, तरी पलीकडच्या खाडीत त्यांची पांढरी बोट तशीच उभी.

"नुसती पत्रं कसली धाडतेस? जाऊन कान धर की त्यांचे!" जकातीचा फिनाऊ म्हणाला. "चल, मीही येतो. तुझा आवाज काही चढायचा नाही."

सकाळी नऊला दोघं लाँचने पोचले. बोटीच्या बुडाला हातभर शेवाळ लोंबत होतं. नांगराची साखळी शिंपल्यांनी मनगटाएवढी जाड झाली होती. फिनाऊने बूट लाँचमध्येच काढले आणि तळातल्या पाण्याने भिजलेल्या पायांनी तो शिडी चढला.

"अगंबाई, तुम्ही परत?" खालच्या खोलीतून वीप्के हसली. "काही विसरलात का?"

"बाई, चार महिने झाले तुम्हाला येऊन," लोसालिने पायऱ्या उतरत म्हणाली.

"चार महिने? अहो, आत्ता तर शिक्का मारून गेलात."

म्हातारा किटलीतून चहा ओतत होता. टेबलावर दोन्ही पासपोर्ट उघडे पडले होते. लोसालिनेने एक उचलला. तारीख जूनची, सही तिचीच. तिने शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

अंगठा निळा झाला. शाई ओली होती.

तिने पासपोर्ट खाली ठेवला. "फिनाऊ, चल."

"थांब गं, एवढा चहा ओतलाय त्यांनी. घोटभर घेतो नि आलोच." त्याने बाकावर ऐसपैस बैठक मारली.

ती एकटीच वर आली. खाली ती फार तर तीन मिनिटं असेल. तिच्या मनगटावरच्या घड्याळात नऊ वाजून सात मिनिटं झाली होती.

सूर्य डोंगराआड चालला होता.

"फिनाऊ!"

"आलो, आलो!" आवाज हसरा, अगदी जवळचा.

लाँचमध्ये बसून ती अंधार पडेपर्यंत हाका मारत राहिली. प्रत्येक हाकेला तो ओ देत होता.

दुसऱ्या दिवशी दोन शिपाई त्याला आणायला खाली उतरले. ते वर आले चौथ्या दिवशी. "आत्ताच तर उतरलो होतो," ते शपथेवर सांगत होते. फिनाऊच्या खांद्याला त्यांनी हात लावला होता, तेवढ्यात छताच्या काचेतून उजेड-अंधार, उजेड-अंधार लखलखायला लागला आणि ते पळत सुटले. त्यांतल्या एकाची बायको तोवर बाळंत झाली होती.

पुन्हा कुणी उतरलं नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. मधल्या वादळात धक्क्याचे खांब उखडले, पण ती बोट तसूभरही हलली नाही. दर रविवारी चर्चमधून परस्पर फिनाऊची बायको उनालोतो होडी वल्हवत तिथे जाते. हाक मारते. "आलो," तो म्हणतो. मग ती घरी येऊन मुलांना जेवायला वाढते.

गेल्या महिन्यात तिने लोसालिनेला बरोबर नेलं.

"ताई, तुम्ही वर चढून बघता? मला धीर होत नाही."

लोसालिने शिडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत चढली. डेकच्या फळ्या उन्हाने फाटल्या होत्या. त्यांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचा पांढरा थर साचला होता. त्या थरात शिडीपासून खोलीच्या दारापर्यंत फिनाऊची रुंद, अनवाणी पावलं उमटलेली होती, तेवढ्या जागी मात्र फळ्या स्वच्छ होत्या.

तिने वाकून एका पावलाला बोट लावलं.

पाऊल ओलं होतं.